गांठ गेली, दुखणें राहिलें

शस्त्रक्रिया यशस्वी झाली कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणीं? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. ज्यानें शस्त्र चालविलें त्यानें, असें उत्तर बहुतेक सुशिक्षित वाचक देतील, आणि तें देतांना आपण शास्त्राचा पक्ष घेतला असें समाधानहि त्यांना लाभेल. माझें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. निदान अंतर्गळाच्या, म्हणजे ज्याला आतां खेड्यापाड्यांतहि हर्निया म्हणतात त्या विकाराच्या, शस्त्रक्रियेपुरतें तरी हें उत्तर न्यायाला धरून नाहींच, पण खुद्द शास्त्रालाहि धरून नाहीं.

पोटाच्या भिंतींत जांघेपाशीं एक उपजतच नाजूक जागा असते. तेथून आंतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर डोकावूं लागला म्हणजे गांठ दिसूं लागते. निजलें कीं ती आंत जाते, उभें राहिलें किंवा खोकलें कीं पुन्हां वर येते. सुश्रुतानें निदानस्थानांत अंत्रवृद्धीचीं कारणें सांगतांना ओझें वाहणें, आपल्याहून बलवानाशीं झुंजणें व झाडावरून पडणें यांचा उल्लेख केला आहे. आणि चिकित्सास्थानांत, जी वृद्धि खालीं कोशापर्यंत उतरली ती वैद्यानें हातीं धरूं नये, असें बजावलें आहे. आपल्या शस्त्राचा अधिकार कोठें संपतो हें आधींच सांगून टाकण्याचा प्रामाणिकपणा त्या ग्रंथांत आहे. आजचें शास्त्र ओझ्याला एकट्यालाच दोषी धरीत नाहीं. जन्मापासून राहून गेलेली फट, वयाबरोबर आलेला दुबळेपणा, जुनाट खोकला यांच्याकडेहि तें बोट दाखवितें. पुरुषांमध्यें हा विकार इतका सर्रास आहे कीं दर शंभरांतील सुमारें २७ जणांना तो आयुष्यांत केव्हां तरी होतो, आणि जगांत दरसाल याच्या सुमारें दोन कोटी शस्त्रक्रिया होतात.

या शस्त्रक्रियेचा अर्वाचीन इतिहास इटलींतील पादुआच्या एदोआर्दो बास्सीनीपासून सुरू होतो. गॅरिबाल्डीच्या पक्षानें लढतांना १८६७ सालीं या गृहस्थाच्या स्वतःच्याच जांघेंत संगीन घुसली होती. तेव्हां जांघेंतलें दुखणें म्हणजे काय हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. १८८० नंतरच्या दशकांत त्यानें पोटाच्या भिंतीचे थर टांक्यांनीं एकमेकांस शिवून घेण्याची पद्धति बसविली. तिच्यांत शिवण ताणली जाई, आणि ताणलेली शिवण पुष्कळदां उसवे. पुढें १९८० नंतर अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टीन यानें थर ओढून शिवण्याऐवजीं त्यांच्यावर कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याचा प्रघात पाडला, आणि गांठ उलटण्याचें प्रमाण फारच खालीं आलें.

या कामांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं महाग जाळीऐवजीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून वापरलें आणि २००३ सालीं सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढें युगांडांत ३०० च्या वर रोग्यांवर अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशीं रीतसर तुलना झाली. २०१६ सालीं तिचा निकाल बाहेर आला तेव्हां वर्षअखेरीस दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनीं तर परकी जाळीच नको, रोग्याच्या स्वतःच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी वापरावी, अशी पद्धति २००१ सालीं मांडली. खेड्यांतल्या रोग्याच्या खिशाचा विचार करणारे शल्यविशारद आपल्याकडे आहेत, ही लहान गोष्ट नव्हे, आणि पुढें मी जें लिहिणार आहें तें अशा माणसांविरुद्ध नाहीं.

मग तें कशाविरुद्ध आहे? तें मापाविरुद्ध आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ या शस्त्रक्रियेचें यश मोजण्याचें मुख्य माप एकच होतें: गांठ परत आली कीं नाहीं. परत आली तर अपयश, नाहीं आली तर यश. गांठ डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, तिची नोंद करतां येते. पण शस्त्रक्रिया होऊन महिने लोटले तरी ज्याच्या जांघेंत आग पेटलेली असते, त्याची आग कोणाला दिसते? २०१८ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं मिळून या विकारावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणें शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटल्यावरहि दैनंदिन व्यवहारांत जाणवेल अशी मध्यम किंवा त्याहून तीव्र वेदना शेंकडा १० ते १२ रोग्यांना राहते. आणि रोजचें काम किंवा धंदाच अडावा इतकी वेदना शेंकडा अर्ध्यापासून सहा जणांना. दोन कोटींचा दहावा हिस्सा किती, हा हिशेब वाचकांनींच करावा. जुन्या मापानें हे बहुतेक सर्व रोगी यशाच्या बाजूला मोजले गेलेले असतात.

आकड्यांवर आपला विश्वास बसतो, पण मन त्यांत गुंतत नाहीं; म्हणून पाहण्यांतलें एक उदाहरण देतों. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहापूर तालुक्यांत, खर्डी हें गांव आहे. मुंबईची तहान भागविणारे तानसा, वैतरणा व भातसा हे जलाशय याच मुलखाच्या आसपास पसरले आहेत, आणि याच मुलखांतल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका वैशाखांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. (हा विषय निराळा, पण ओझ्याविषयीं लिहितांना तो डोळ्यांआड करणें मला जमत नाहीं.) येथील माणूस पावसाळ्यांत भाताची आवणी करतो, दिवाळीच्या सुमारास भारे डोक्यावरून खळ्यावर आणतो, आणि झोडणी आटोपली कीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. या साऱ्या उद्योगाला भांडवल एकच लागतें, तें म्हणजे पाठ, पोट आणि मांड्या.

अशाच एका चाळिशींतल्या शेतकऱ्याची शस्त्रक्रिया शहरांतल्या एका रुग्णालयांत झाली. जखम उत्तम भरली. गांठ नाहींशी झाली. आठ महिन्यांनीं तो मला भेटला तेव्हां म्हणाला (खर्डीकडे प्राध्यापकालाहि ‘मास्तर’च म्हणतात), “मास्तर, गांठ गेली ती गेलीच. पण आंत कुणी तरी धागा ओढून धरलाय असं वाटतं. वांकलों कीं चमक निघते, ती पार मांडीपर्यंत जाते. चड्डीची नाडी घांसली तरी आग होते.” तपासणीसाठीं तो तीनदां शहरांत जाऊन आला होता. दर खेपेस दिवसाची मजुरी बुडालेली आणि गाडीभाडें वर. तिन्ही वेळां त्याला उभें करून खोकावयास सांगण्यांत आलें, गांठ येत नाहीं हें पाहण्यांत आलें, आणि ‘वजन उचलूं नका’ असा सल्ला देऊन वाटेला लावण्यांत आलें. मीं त्याचा केसपेपर मागून घेऊन वाचला. त्यावरील इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच होता, कीं जखम भरली आहे, विकार उलटलेला नाहीं, किंचित् दुखतें असें रोगी म्हणतो. व्यवसायाच्या रकान्यांत ‘शेतमजूर’ असें लिहिलेलें होतें. ज्यानें वजन उचलूं नका असें सांगितलें त्याची नजर त्या रकान्यावर गेली नसावी. खुर्चींत बसून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला तो सल्ला विनासायास पाळतां येईल. त्यानें तो पाळावयाचा तर चूल बंद ठेवावी लागेल.

‘किंचित् दुखतें’ या दोन शब्दांपाशीं मला थोडें थांबावयाचें आहे, कारण मी वैद्य नसलों तरी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहें. त्या शेतकऱ्यानें मला जें सांगितलें त्यांत ‘दुखतें’ हा शब्द एकदांहि नव्हता. ओढ होती, चमक होती, आग होती. आपल्या भाषेंत वेदनेसाठीं केवढी संपत्ति पडून आहे! ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ एक, सणक दुसरी, तिडीक तिसरी. रग ही श्रमाची, आणि मुंग्या व झिणझिण्या या शिरांच्या. हुळहुळणें म्हणजे काय हें ज्याला नुसत्या वस्त्राच्या स्पर्शानेंहि कापरें भरतें तोच जाणे. बधिरपणा आणि वेदना या परस्परविरुद्ध वाटतात, पण एकाच वीतभर जागेंत त्या एकत्र नांदूं शकतात, आणि ‘तिथं बधिर आहे तरी जळतं’ असें अडाणी समजला जाणारा रोगी अचूक सांगतो. हे शब्द म्हणजे साहित्यिकांची हौस नव्हे. जांघेंतून तीन बारीक मज्जातंतु जातात. इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरल या तंतूची एक शाखा, अशीं त्यांचीं नांवें. शस्त्रक्रियेंत त्यांपैकीं एखादा दुखावला, टांक्यांत सांपडला किंवा मागाहून जाळीभोंवतीं तयार होणाऱ्या वणांत गुरफटला, तर आग, चमक, झिणझिण्या, बधिरता, साध्या स्पर्शानें होणारी वेदना अशीं लक्षणें दिसतात. नुसता ठणका किंवा दडपल्यासारखी जड वेदना असेल तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावें लागतें. म्हणजे रोग्यानें कोणता शब्द वापरला यावर पुढच्या तपासणीची दिशा अवलंबून असते.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं हें कधींच ओळखलें. कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यानें १९७५ सालीं वेदनेचीं ७८ विशेषणें २० गटांत मांडून एक प्रश्नावली तयार केली, आणि वेदना मोजण्याचें साधन म्हणून ती जगभर वापरली गेली. ज्या भाषेंत शब्द कमी होते त्या भाषेच्या लोकांनीं ते कोशांतून वेंचून काढले. आपल्याकडे सांगणारा मराठी, ऐकणारा पुष्कळदां मराठी, आणि दोघांच्या मधला कागद तेवढा इंग्रजी. ओढ, चमक आणि आग हीं तीन वेगवेगळीं चिन्हें त्या कागदावर उतरतांना ‘किंचित् दुखतें’ या एका राखेच्या ढिगांत मिसळून गेलीं. मातृभाषेच्या अभिमानाचीं भाषणें आपण दरवर्षी ऐकतों. परंतु जेथें मातृभाषेचा एक शब्द एका माणसाचें दुखणें उलगडूं शकतो तेथें ती दाराबाहेर उभी असते, याचें वैषम्य मला कोठल्याहि भाषणांत आढळलें नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप, आणि तो डॉक्टरांपेक्षां रोग्याच्या घरांतूनच अधिक येतो, असा कीं हें दुखणें मनाचें आहे. गांठ गेली, जखम भरली, मग दुखावयाचें काय? या तर्कांतील मेख अशी, कीं जें दिसत नाहीं तें नाहीं असें त्यांत गृहीत धरलें आहे. मज्जातंतूची इजा वरून दिसत नाहीं. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हां वेदना ही नेहमींच व्यक्तीचा स्वतःचा अनुभव असते आणि ती आहे असें कोणी सांगत असेल तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असें तिच्यासोबत स्पष्ट नमूद केलें. मनाचा आणि वेदनेचा संबंध नाहीं असें मी म्हणत नाहीं. महिनोन्‌महिने झोंप मोडली कीं कोणाचेंहि मन खचेल. पण तो परिणाम झाला. त्यालाच कारण ठरवून मोकळें होणें म्हणजे ज्याच्या पायांत कांटा मोडला आहे त्याला, तूं लंगडतोस म्हणून तुला दुखतें, असें सांगण्यासारखें आहे.

येथें आपल्या मध्यमवर्गीय घरांतील एका संवयीविषयीं बोलणें भाग आहे. दुखण्याची जागा अशी, कीं चारचौघांत तिचें नांव घ्यावयाचें नाहीं. गुडघा दुखला तर माणूस बैठकींत सांगतो. जांघ दुखली तर बायकोलाहि धड सांगत नाहीं. या वेदनेमुळें कित्येकांच्या दांपत्यजीवनांत अंतर पडतें, हें वैद्यकांत नोंदलेलें आहे. घरांत मात्र त्याचा अर्थ भलताच लावला जातो. स्त्रियांची स्थिति याहून बिकट. हा विकार त्यांना पुष्कळ कमी होतो, म्हणून तो त्यांच्या बाबतींत लवकर ओळखूं येत नाहीं. आणि शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ वेदना राहण्याचा संभव पुरुषांपेक्षां त्यांना अधिक. हें सगळें ज्या घरांत कुजबुजीच्या आवाजांतहि बोललें जात नाहीं, त्या घरानें रोग्याला ‘मन रमवा’ असा उपदेश करावा, याला काय म्हणावें?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो एका शल्यविशारद स्नेह्यानें मला ऐकविला. ते म्हणाले, “दहांतल्या एकाला दुखणें राहतें असें आधींच सांगितलें तर खेड्यांतला रोगी टेबलावर येणारच नाहीं, आणि एखाद्या रात्रीं आंतडें अडकून मरेल. मग तुम्ही लेख कोणावर लिहिणार?” भीति खोटी नाहीं. अडकलेला अंतर्गळ प्राण घेतो. गांठ आंत जाईनाशी झाली, ती दुखूं लागली, वांत्या सुरू झाल्या, तर त्या माणसानें हा लेख बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. परंतु ज्याला फारसा त्रास नाहीं अशा रोग्याचें काय? अमेरिकेंत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत, शस्त्रक्रिया न करतां नुसती नजर ठेवलेल्यांपैकीं असा अकस्मात् प्रसंग वर्षाला हजारांत दोघांवरहि आला नाहीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक जणांनीं पुढच्या दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतलीच, हेंहि तितकेंच खरें; पण ती त्यांनीं स्वतः ठरवून, बहुतेकांनीं दुखूं लागलें म्हणून, करून घेतली. तेव्हां थांबणें हाहि एक मार्ग आहे, आणि दोन्ही वाटांवरचे खड्डे दाखवून निवड रोग्यावर सोंपवितां येते.

शिवाय हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाहीं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं निकाल देतांना, उपचाराचें स्वरूप, त्याचा हेतु व लाभ, त्याला असलेले पर्याय आणि त्यांतले महत्त्वाचे धोके यांची पुरेशी माहिती दिल्याखेरीज रोग्याची संमति खरी संमति होत नाहीं, असें ठरविलें. फार दूरचे, क्वचित् संभवणारे धोके सांगून रोग्याला घाबरविण्याची जरूर नाहीं, हेंहि त्याच निकालांत आहे. आणि माझे स्नेही त्याच वाक्याचा आधार घेतात. पण दहांत एक याला दूरचा धोका म्हणावयाचें? खर्डीच्या फलाटावर लोकलची वाट पाहत दहा माणसें उभीं असलीं आणि त्यांतल्या एकाला चाकू लागणार आहे असें कोणाला ठाऊक असलें, तर तो तें क्वचित् घडणारें म्हणून गप्प बसेल काय? संमतिपत्रावरचा अंगठा मात्र अजूनहि कित्येक ठिकाणीं शस्त्रक्रियेच्या दिवशीं सकाळीं, उपाशीं पोटीं, न वाचतां उमटतो.

तिसरा पक्ष माझ्या बाजूचा म्हणविणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्याशींहि माझें जमत नाहीं. सगळा दोष जाळीचा, जाळी बसविणारे कंपन्यांचे दलाल, असा त्यांचा सूर असतो. जाळीच्या वणांत तंतु गुरफटतात हें खरें. पण जाळी येण्यापूर्वींहि टांक्यांत तंतु सांपडतच होते. देसरडा यांची बिनजाळीची पद्धति आणि लिक्टेनस्टीनची जाळीची पद्धति यांची पोलंडांत २०८ रोग्यांवर तुलना करण्यांत आली; २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत तीन वर्षांअखेर गांठ उलटण्याच्या बाबतींत नाहीं आणि दीर्घ वेदनेच्या बाबतींतहि नाहीं, असा दोहोंत लक्षांत घेण्याजोगा फरक सांपडला नाहीं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें वेदना कांहींशी कमी राहते असा अनुभव आहे, पण तिला यंत्रसामग्री आणि मुरलेला हात लागतो. वस्तूला शिव्या देणें सोपें असतें. लॉस एंजेलिसच्या ज्या संस्थेनें जाळीचा प्रसार केला तेथल्याच परवीझ अमीद यांनीं पुढें या वेदनेसाठीं ते तिन्ही तंतु छेदण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तेथें कोणी तरी जाऊन आलेल्या रोग्यांना विचारलें असलें पाहिजे, आणि उत्तर ऐकून घेतलें असलें पाहिजे.

कारण उपाय आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळीं ते तंतु ओळखून जपणें हा पहिला. मागाहून वेदना राहिलीच तर मज्जातंतूंच्या वेदनेवर चालणारीं औषधें आहेत, दुखावलेल्या तंतूपाशीं सुई देऊन तो कांहीं काळ सुन्न करतां येतो, आणि हें सर्व करून महिनोन्‌महिने गुण आला नाहीं तर निवडक रोग्यांत तंतु छेदण्याचा मार्ग उरतो. यांपैकीं कोणताहि उपाय ‘किंचित् दुखतें’ या नोंदीवरून कोणालाहि सुचणार नाहीं.

माझी मागणी एवढीच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याला त्याच्या भाषेंत सांगावें, कीं गांठ जाईल, पण दहांतल्या एखाद्याला दुखणें राहतें, आणि राहिलें तर काय करतां येतें. शस्त्रक्रियेला तीन महिने झाले म्हणजे त्याला विचारावें: अजून कांहीं जाणवतें का, कसें जाणवतें, आणि पूर्वीं करीत होतां त्यांतलें कोणतें काम आतां होत नाहीं. खर्डीच्या पाड्यावरच्या माणसाला त्यासाठीं दिवस बुडवून शहरांत बोलावण्याचें कारण नाहीं. आशा कार्यकर्ती गरोदर बायकांच्या आणि तान्ह्या मुलांच्या चौकशीसाठीं त्या पाड्यावर जातच असते, तिला या कामाचा वेगळा मोबदला द्यावा आणि हे तीन प्रश्न तिच्या वहींत छापून द्यावे. तो ‘आग’ म्हणाला तर तिनें आग लिहावें, ‘चमक’ म्हणाला तर चमक, आणि ती वही शल्यविशारदाच्या टेबलावर जावी.